क्षमा आणि खुर्ची

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एखादे नैतिक प्रकरण उभे राहिले की दोन बाजू फार लवकर तयार होतात. एकीचे म्हणणे असे, की येशू जकातदारांच्या आणि पापी गणल्या गेलेल्यांच्या पंगतीला बसला, तेव्हा न्याय करणारे आपण कोण? दुसरीचे म्हणणे असे, की खारटपणा गेलेले मीठ बाहेर टाकण्याच्या लायकीचे असते हे शास्त्रातच लिहिले आहे, तेव्हा आज एकाला सवलत दिली तर उद्या तरुण मुलांना कोणत्या तोंडाने शिकवायचे? पाळकसाहेब दोन्हीकडे मान डोलावतात, प्रकरण पुढच्या कमिटीवर ढकलले जाते आणि पुढची कमिटी निवडणुकीच्या गडबडीत येते. दया आणि नैतिक निष्ठा ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, असे या वादात दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांचा व्यवहार जवळून पाहणाऱ्याला हे गृहीतक पटणे अवघड आहे. आपल्याकडे दयाही भरपूर आहे आणि निष्ठाही भरपूर आहे. त्यांचे वाटप उलटे झाले आहे. ज्यांच्या हाती काही नाही त्यांच्या वाट्याला शिस्त येते, आणि ज्यांच्या हाती चर्चच्या किल्ल्या, हिशेबाच्या वह्या किंवा व्यासपीठ असते त्यांच्या वाट्याला क्षमा येते.

हे वाटप पाहायचे असेल तर प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, रविवारी मागच्या बाकावर बसावे. एकेक रांग उठते, बायका डोक्यावरचा पदर सारखा करतात, पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात. जिला ‘सध्या घेऊ नका’ असे सांगितलेले असते ती बाकावरच राहते, आणि रांगेतल्या बाकीच्यांना तिच्या गुडघ्यांना ओलांडून जावे लागते. व्यासपीठावरून कोणी काही जाहीर करत नाही, करण्याची गरजही नसते. कोण बसून राहिले हे साऱ्या मंडळीला दिसते आणि घरी जाताना मुले त्याबद्दल विचारतात. त्याच उपासनेत दानाची थैली फिरवणाऱ्या सद्गृहस्थांनी बांधकाम निधीचा हिशेब तीन वर्षे दिलेला नसतो. त्यांच्याविषयी कोणी विचारले, तर ‘माणूस चुकतो, प्रभू क्षमा करतो’ हे वचनासारखे ऐकवले जाते. असे प्रत्येक मंडळीत घडते असा माझा दावा नाही. पण ज्याने कधीच पाहिले नाही असा मराठी ख्रिस्ती माणूस मिळणे कठीण आहे.

हा प्रश्न आजचा नाही. इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने साम्राज्यातल्या लोकांना दैवतांपुढे बळी अर्पण करण्याचे आणि तसे केल्याचा दाखला मिळवण्याचे फर्मान काढले. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या कोरड्या मातीत पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत: अर्जदाराचे नाव, गाव, ‘आम्ही नेहमीच दैवतांना बळी देत आलो आहोत’ असे कबुलीवाक्य आणि खाली साक्षीदार अधिकाऱ्यांच्या सह्या. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये असंख्य ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी बळी न देता लाच देऊन नुसता दाखला विकत घेतला. काही तुरुंगात गेले, काही मेले. छळ ओसरला तेव्हा ‘पडलेले’, म्हणजे बळी दिलेले किंवा दाखला घेतलेले, लोक परत दाराशी आले, आणि त्यांचे करायचे काय, या प्रश्नावर मंडळी उभी दुभंगण्याची वेळ आली.

तेव्हाही दोन टोके होती. तुरुंगवास भोगलेल्या काही श्रद्धावानांनी पडलेल्यांना सरसकट शांतीपत्रे वाटायला सुरुवात केली: हे पत्र घेऊन जा, तुला सहभागितेत घेतील. दुसऱ्या टोकाला रोममधला विद्वान प्रेस्बितर (बिशपच्या हाताखालचा धर्मगुरू) नोव्हेशियन होता. धर्मत्याग केलेल्याला क्षमा देण्याचा अधिकार मंडळीला नाही, ती देवाची बाब आहे, असे त्याचे मत होते, आणि २५१ मध्ये तो प्रतिस्पर्धी बिशप होऊन बसला. कार्थेजचा बिशप सिप्रियन मधे सापडला होता, आणि त्याची स्वतःची बाजूही नाजूक होती, कारण छळाच्या काळात तो लपून राहिला होता आणि पत्रांवाटे मंडळी चालवत होता.

सिप्रियनने काय केले हे सविस्तर पाहण्यासारखे आहे. त्याने आधी घाई थांबवली: छळ संपून बिशप एकत्र बसेपर्यंत सरसकट पत्रांवर निर्णय नाही. २५१ च्या कार्थेजच्या सभेत प्रत्येक माणसाचे प्रकरण वेगळे तपासायचे ठरले. ज्यांनी नुसता दाखला घेतला होता त्यांना तपासणीनंतर परत घेण्यात आले; ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला होता त्यांनी पश्चात्तापाच्या वाटेवर राहावे आणि मरणाच्या दारी तरी त्यांना सहभागिता मिळावी, असे ठरले. पुढे नवा छळ येणार अशी चिन्हे दिसली, तेव्हा इतका काळ टिकून राहिलेल्या सगळ्या पश्चात्तापी लोकांना परत घेण्यात आले. अँटोनियॅनस नावाच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात सिप्रियन म्हणतो की हुकूम निघताच आपणहून धावत जाणारा आणि दीर्घकाळ यातना सोसून अखेर मोडणारा, ही दोन माणसे एका मापाने मोजता येत नाहीत. आणि एकट्याने पुढे होऊन बळी देत आपल्या बायकोमुलांना आणि घरात आसरा घेतलेल्यांना वाचवणारा आणखी वेगळा. ही नुसती मवाळी म्हणता येणार नाही. बळी देणे हे घोर पाप आहे या मतापासून तो तसूभरही हटला नाही. त्याने पापाचे वजन कायम ठेवले आणि माणसाचे वजन वेगळे केले.

आजच्या वादात जवळजवळ कोणीच ज्याची आठवण काढत नाही असा याच कथेचा पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पडलेल्यांमध्ये बिशपही होते. स्पेनमधले बॅसिलिडीस आणि मार्शिअॅलिस या दोन बिशपांनी मूर्तिपूजेचे दाखले घेतले होते. त्यांच्या जागी दुसरे नेमले गेले, तेव्हा बॅसिलिडीसने रोमला जाऊन तिथल्या बिशपची सहानुभूती मिळवली आणि आपले पद परत मागितले. स्पेनच्या मंडळ्यांनी कार्थेजकडे दाद मागितली आणि २५४ च्या सुमाराची आफ्रिकेच्या बिशपांची सभा ठाम राहिली: या माणसांना पश्चात्तापी म्हणून मंडळीत जागा आहे, बिशपपद नाही. ट्रोफिमस नावाच्या प्रेस्बितराबाबतही रोममध्ये हेच झाले होते. तो आपल्या माणसांसह परत आला आणि त्याला सामान्य विश्वासी म्हणून स्वीकारण्यात आले. जो सिप्रियन दाखला घेतलेल्या सामान्य माणसासाठी दार उघडतो, तोच सिप्रियन दाखला घेतलेल्या बिशपसाठी खुर्ची बंद करतो, आणि त्याला यात काहीच विसंगती वाटत नाही. क्षमेने बाकावरची जागा परत मिळते. अधिकार ही मंडळीने विश्वासाने हाती दिलेली वस्तू असते. ती मोडल्यावर परत मागण्याचा हक्क क्षमेतून निर्माण होत नाही.

हा एक भेद मनात पक्का केला तर दया विरुद्ध निष्ठा या झगड्यातला निम्म्याहून अधिक गुंता सुटतो, असे माझे मत आहे. आपण नेमके उलट करतो. सामान्य माणसाच्या बाबतीत बाकावरची जागाच काढून घेतो, आणि अधिकाऱ्याच्या बाबतीत क्षमेबरोबर खुर्चीही देऊन टाकतो.

नव्या करारातली शिस्तसुद्धा याच अंगाने वाचली पाहिजे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भाऊ चुकला तर काय करावे याचा क्रम दिला आहे: आधी एकट्याने एकट्याला सांगा, मग एकदोघांना बरोबर घ्या, मग मंडळीला कळवा. आपल्या बहुतेक मंडळ्यांत हा क्रम शेवटून सुरू होतो. मंडळीला आधी कळते, एकदोघे नंतर घरी जातात आणि ज्याच्याविषयी सारे चालले आहे त्याला सर्वांत शेवटी सांगितले जाते. त्याच अध्यायाच्या सुरुवातीच्या भागात लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचे भयंकर वाक्य आहे आणि शेवटच्या भागात सत्तर वेळा सात क्षमा करण्याचे. दोन्ही वाक्ये एकाच तोंडची आहेत. पहिले सामर्थ्यवानाला उद्देशून आहे, दुसरे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या मनाला. ज्याने अन्याय केला त्याने सत्तर वेळा सातचा हिशेब दुसऱ्यापुढे मांडावा, याला त्या अध्यायात कुठेच आधार नाही.

करिंथच्या मंडळीतले प्रकरणही तसेच. एक जण आपल्या बापाच्या बायकोबरोबर राहत होता आणि मंडळी त्याविषयी शोक करण्याऐवजी गर्वाने फुगली होती, असे प्रेषित पौल लिहितो. पौल त्याला बाहेर काढायला सांगतो. दुसऱ्या पत्रात एका शिक्षा झालेल्या माणसाविषयी तो लिहितो की आता पुरे, त्याला क्षमा करा, नाही तर तो अति दुःखात बुडून जाईल. हा तोच माणूस की दुसरा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि त्यात शिरण्याचे इथे कारण नाही. शिक्षेला शेवट असतो, आणि तो शेवट मंडळीने उच्चारून सांगायचा असतो, एवढे मात्र त्यातून निश्चित होते. आपल्याकडे शिक्षा उच्चारली जात नाही आणि तिचा शेवटही उच्चारला जात नाही. ती नुसती चालू राहते.

विवाहाच्या प्रश्नात हे सर्वांत ठळकपणे दिसते, म्हणून तिथे थोडे थांबतो. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याच्या कलम १० नुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळत असे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नव्हता. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग, अथवा तितकीच घोर दुसरी एखादी गोष्ट सिद्ध करावी लागे. नवरा रोज मारतो, एवढे कारण पुरेसे नव्हते. शिवाय जिल्हा न्यायालयाने दिलेल्या हुकुमावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागे. विधी आयोगाने १९८३ मध्ये या कलमावर स्वतंत्र अहवाल दिला. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवून क्रूरता आणि परित्याग ही स्वतंत्र कारणे मानली. संसदेने कायदा बदलला तो २००१ मध्ये. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात एकशे बत्तीस वर्षे ख्रिस्ती स्त्रीला, तिच्या हिंदू शेजारणीला १९७६ साली मिळालेली वाटही बंद होती, आणि या काळात तिला रविवारी मात्र सहनशीलतेवर प्रवचने ऐकायला मिळत होती.

विवाहबंधन अतूट आहे ही शिकवण हट्टाची आहे असे मी म्हणत नाही. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशूने ती दिली तेव्हा पुरुषाला सूटपत्र लिहून बायकोला घराबाहेर काढता येत होते. तिथे ‘देवाने जोडले ते माणसाने तोडू नये’ हे वाक्य दुबळ्या बाजूचे कवच होते. लग्नाच्या वचनाला अर्थ राहावा असे ज्यांना वाटते ते केवळ जुनाट विचारांचे असतात असेही नाही. सोईनुसार मोडता येणारे वचन कोणालाच आधार देत नाही, मुलांना तर नाहीच. पण जे वाक्य बायकोला रस्त्यावर येण्यापासून वाचवण्यासाठी उच्चारले गेले, तेच वाक्य मार खाणाऱ्या बायकोला त्याच घरात परत पाठवण्यासाठी वापरले गेले, तर निष्ठा कोणाशी राहिली? मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातला अपवाद आणि अविश्वासी जोडीदार सोडून गेला तर मागे राहिलेल्याने बंधनात न राहण्याची पौलाने करिंथकरांना दिलेली मुभा, ही दोन्ही वचने प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या हाताशी आहेत. प्रकरण तपासताना आधी विचारायचे ते हे, की वचन कोणी मोडले. प्रत्यक्षात विचारले जाते ते हे, की कोर्टात आधी कोण गेले. आणि बहुतेक वेळा ती बाईच असते, कारण मारणाऱ्याला कोर्टात जाण्याची गरज नसते.

कॅथलिक मंडळीत हाच वाद २०१४ आणि २०१५ च्या धर्मसभांत जागतिक पातळीवर झाला. मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियसही त्या विचारविनिमयात होते. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी विवाह शून्य ठरवण्याची धर्मन्यायालयीन प्रक्रिया सोपी केली आणि दुसऱ्या न्यायालयाच्या सक्तीच्या दुजोऱ्याची अट काढली. २०१६ च्या त्यांच्या पत्राच्या आठव्या प्रकरणात घटस्फोटानंतर पुनर्विवाह केलेल्यांचे प्रत्येक प्रकरण धर्मगुरूने सोबत चालून पारखावे, असे सुचवले होते, आणि एका तळटिपेत काही प्रसंगी संस्कारांची मदतही मिळू शकेल असे म्हटले होते. त्याच वर्षी चार कार्डिनलांनी पाच प्रश्न लिहून विचारले: शिकवण बदलली आहे की नाही, हो किंवा नाही सांगा. पोपनी त्यांना थेट उत्तर दिले नाही. माझा कल पोप फ्रान्सिस यांच्या बाजूचा आहे. सिप्रियनने दाखलेवाल्यांबाबत जे केले त्याच्याशी ती भूमिका जुळते. तरीही त्या चौघांचा प्रश्न उद्धट म्हणून झटकण्यासारखा नव्हता. पारख करायची तर ती कशावरून, किती काळ आणि कोणी, हे न सांगता सोडले, की एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जे पाप ठरते ते शेजारच्या धर्मग्रामात ठरत नाही, आणि ज्याची फादरांशी ओळख आहे त्याची पारख लवकर होते. दयेला कार्यपद्धती नसली की तिची मेहेरबानी होते, आणि मेहेरबानी नेहमी ओळखीच्या माणसाकडे जाते.

इथे आपल्या मातीतली एक साक्ष काढावीशी वाटते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि लगेच त्यांचा ज्यांनी त्यांना आसरा दिला त्याच लोकांशी खटका उडाला. इंग्लंडमध्ये त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव) सिद्धांतावरून त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी लांबलचक पत्रव्यवहार झाला. ख्रिस्ताच्या मंडळीची मी सभासद आहे, पण धर्मगुरूच्या किंवा बिशपच्या तोंडचा प्रत्येक शब्द मान्य करायला मी बांधलेली नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. अन्नवस्त्रासाठी ज्यांच्यावर अवलंबून राहावे लागते त्यांना परदेशात असे लिहिणे सोपे नसते. आणि याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींच्या सोबतीने, कृपासदन उभे केले. ज्यांना तेव्हाचा समाज पतित म्हणून ओवाळून टाकत होता, आणि ज्यांना इतर आश्रमही घेताना कचरत होते, अशा स्त्रियांसाठी ते होते. मुक्तीत शिस्त ढिली नव्हती. घंटेवर उठणे, प्रार्थना, शेतकाम, विणकाम, छापखाना, सारे काटेकोर होते. पण मागचे आयुष्य कसे होते यावरून दार बंद होत नव्हते.

रमाबाईंच्या कडक मतांची दिशा पाहण्यासारखी आहे. त्यांची निष्ठा वरच्या दिशेने चाले, बिशपांकडे, सल्लागार मंडळाकडे, आणि आधीच्या काळात शास्त्र्यांकडेही. त्यांची दया खालच्या दिशेने वाहत असे. सनातनी हिंदू आणि सुधारक या दोघांशीही त्यांचे बिनसले आणि अनेक मिशनऱ्यांनाही त्या अवघड वाटल्या, ते बहुधा याच कारणाने. मराठी मंडळी रमाबाईंची तसबीर लावते, त्यांच्या नावाने दिवस साजरे करते. ती दिशा मात्र फारशी उचललेली दिसत नाही.

आता दयेच्या नावाखाली जे चालते त्याकडे वळले पाहिजे, कारण तिथे झालेले नुकसान शिस्तीच्या नुकसानापेक्षा कमी नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात उघड झाले की मुलांवर अत्याचार केल्याचे ठाऊक असलेले धर्मगुरू वर्षानुवर्षे एका धर्मग्रामातून दुसऱ्यात बदलून पाठवले जात होते. डिसेंबरमध्ये तिथल्या कार्डिनलांना राजीनामा द्यावा लागला. त्या बदल्या करणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःला दयाळूच वाटत असणार. एका भावाला दुसरी संधी द्यावी, त्याची नाचक्की टाळावी, मंडळीच्या साक्षीला डाग लागू नये, असाच तो तर्क होता. हा केवळ एका पंथाचा दोष नाही. चेन्नईत जन्मलेले आणि मुंबई-पुण्याच्या इंग्रजी-भाषक मंडळ्यांत फार मान असलेले वक्ते रवी झकारियस यांच्याविरुद्ध कॅनडातल्या एका स्त्रीने २०१७ मध्ये तक्रार केली, तेव्हा त्यांच्या संस्थेने त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्यांच्या निधनानंतर २०२१ च्या फेब्रुवारीत संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या अहवालाने अनेक स्त्रियांशी केलेले लैंगिक गैरवर्तन मान्य केले आणि संस्थेला माफी मागावी लागली. तोपर्यंत तक्रारदार स्त्रीला जगभरच्या विश्वासी लोकांनी काय काय म्हटले असेल याची कल्पना करावी. ‘न्याय करू नका’ हे वाक्य तिथे सर्रास वापरले गेले. आणि न्याय न करण्याचा निर्णय हा तिच्याविरुद्धचा न्यायच होता.

म्हणून योहानाच्या आठव्या अध्यायातली व्यभिचारात धरलेली स्त्री दयेच्या बाजूने उभी करताना जपून बोलावे. जुन्यातल्या जुन्या हस्तलिखितांत तो उतारा नाही, हे बहुतेक बायबलांत तळटिपेत दिलेले असते. पण मंडळीने तो शतकानुशतके आपला मानला आहे आणि मीही मानतो. त्या प्रसंगात पकडून आणली गेली ती एकटी स्त्री, पुरुष कुठेच नाही. दगड हातात घेतलेले सगळे अधिकाराचे लोक आहेत. येशूचे कठोर वाक्य त्यांच्यासाठी आहे. तिच्यासाठी आधी ‘मीही तुला दोषी ठरवत नाही’ आणि मग ‘यापुढे पाप करू नकोस’. ‘येशूने माफ केले’ असे म्हणत हा प्रसंग आज एखाद्या अत्याचारी पुढाऱ्याच्या बचावासाठी वापरणे म्हणजे दगडवाल्यांना त्या स्त्रीच्या जागी बसवणे होय.

आत्महत्या केलेल्यांच्या दफनाबाबत मात्र मंडळी खरोखर शिकली आहे, हे मान्य केले पाहिजे. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातली सूचना आणि १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेतले कलम १२४० अशा मृतांना दफनविधी नाकारत होते. १९८३ च्या संहितेत ती बंदी उरली नाही. आयुष्य देवाची देणगी आहे ही शिकवण तशीच राहिली आणि आईबापांना मात्र कबरीपाशी प्रार्थना मिळाली. निष्ठा न सोडता दया वाढवता येते याचे यापेक्षा साधे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

मग मंडळीने प्रत्यक्षात करायचे काय? पहिली गोष्ट, गुन्हा आणि पाप यांची सरमिसळ थांबवावी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, की २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कमिटीत ठराव करून ती जबाबदारी टाळता येत नाही. कॅथलिक धर्मगुरूच्या पापनिवेदनाची गुप्तता हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे, पण ऑफिसात, फोनवर किंवा कुजबुजीत कळलेल्या गोष्टीला ते आवरण नसते. मे २०१९ मध्ये व्हॅटिकननेही धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना अशा तक्रारी वरिष्ठांकडे नोंदवणे बंधनकारक केले. मंडळीच्या शाळेत वा दवाखान्यात दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती लागते. आणि चर्च ट्रस्ट असेल तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. मिशन कंपाउंडच्या जमिनींवरून राज्यभर जे दावे चालले आहेत त्यांतले कित्येक, वेळेवर मागितलेल्या एका हिशेबाने टळले असते. हिशेब मागणे प्रेमाविरुद्ध आहे असे ज्यांना वाटते त्यांनी पौलाचे दुसरे करिंथकरांस पत्र, आठवा अध्याय वाचावा. यरुशलेमच्या गरिबांसाठीचा निधी नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने सोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. पश्चात्तापाने परत आलेल्या माणसाला बाकावर, प्रभुभोजनात, दुःखाच्या आणि लग्नाच्या घरी पूर्ण जागा द्यावी. त्याच्या मुलाच्या बारशाला जावे, त्याच्या आजारपणात रात्र काढावी. पण त्याच माणसाने मुलांच्या बाबतीत विश्वास मोडला असेल तर संडे स्कूलच्या खोलीची किल्ली त्याला पुन्हा कधीच मिळू नये, आणि निधीच्या बाबतीत मोडला असेल तर धनादेशावर त्याची सही पुन्हा असू नये. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मग ती क्षमा अर्धीच. तसे असते तर आफ्रिकेच्या बिशपांनी दोन स्पॅनिश बिशपांना दिलेली क्षमाही अर्धीच म्हणावी लागेल. खरा पश्चात्तापी माणूस किल्ली मागत नाही, हाही अनुभव आहे. जकातदार जक्कयने चौपट परत देण्याची तयारी दाखवली. आपली जकातीची चौकी कायम राहावी अशी अट त्याने घातल्याचे लूक लिहीत नाही.

आणखी एक आक्षेप खेड्यातल्या मंडळीचा आहे, आणि तो खरा आहे. पंचवीस-तीस कुटुंबांची मंडळी, सगळे एकमेकांचे सोयरे, पाळकाला घर आणि पगार त्याच कमिटीच्या हातून. तिथे भावकीतल्या माणसाची चौकशी कोण करणार? अशा ठिकाणी चौकशी गावाबाहेरच्या लोकांनीच करावी. शेजारच्या दोन मंडळ्यांतले वडील, त्यांत किमान निम्म्या स्त्रिया, आणि संस्थेच्या कार्यालयातला एक जण, अशी मंडळे विभागवार आधीच नेमून ठेवता येतात. प्रकरण उभे राहिल्यावर नेमायला गेले की नावांवरूनच तंटा होतो. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला ती लेखी मिळावी आणि उत्तर देण्याची संधी मिळावी. ज्याने तक्रार केली त्याला निर्णय लेखी मिळावा, तोंडी निरोप नको. प्रभुभोजनापासून कोणाला दूर ठेवायचेच असेल, तर किती महिन्यांसाठी आणि कोणत्या गोष्टीसाठी, हे त्याच कागदावर असावे. ती मुदत संपली की पुढच्या रविवारी पाळकाने स्वतः घरी जाऊन त्या व्यक्तीला घेऊन यावे. कोणी मुदतीआधीच परत येण्याचा अर्ज केला, तर त्याला किती दिवसांत उत्तर द्यायचे, तेही ठरावात लिहिलेले असावे.